फलालीनची लाल पिशवी

“हे बैलाचं डोकं काहून काढलं, भाऊ?”

मी स्टुलावर उभा राहून शाळेच्या भिंतीवर चार्ट लावत होतो. एका हातात हातोडी, तोंडात दोन खिळे. खाली पाहिलं तर डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई उभी होती. चार्टवर मी गर्भाशय काढलं होतं. पुस्तकातून बघून, चार दिवस खपून. मधला भाग गुलाबी, दोन्ही बाजूंना वर वळलेल्या नळ्या. मी स्टुलावरून उतरलो आणि ती उभी होती तिथून चार्टकडे पाहिलं. बैलाचंच डोकं होतं. दोन शिंगं आणि लांबुळकं तोंड.

“बैल नाही, बाई. हे बाईच्या आतलं चित्र आहे.”

ती थोडा वेळ बघत राहिली. “कोण्या बाईच्या?” एवढंच विचारून ती निघून गेली.

मी पराते. नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात आर्टिस्ट होतो. दवाखान्यात आर्टिस्टचं काय काम, असं लोक अजूनही विचारतात. विद्यार्थ्यांसाठी हृदय-फुप्फुसांचे तक्ते रंगवायचे, वॉर्डाच्या पाट्या लिहायच्या, प्रदर्शन असलं की पोस्टर काढायचं. आमचं घर कोष्ट्यांचं. वडील गांधीबागेत एका कापडाच्या दुकानात होते आणि दुकानाच्या पाट्याही तेच लिहीत. अक्षर मला त्यांच्याकडून मिळालं.

ही गोष्ट सत्तरच्या दशकाच्या शेवटची आहे. आमच्या विभागानं सावनेरच्या पुढच्या एका गावात बायकांच्या कॅन्सर तपासणीचं काम घेतलं होतं. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर. गर्भाशयाला आपल्याकडे पिशवी म्हणतात. तिचं तोंड खाली, योनीकडे असतं. त्या तोंडाला होणारा कॅन्सर आमच्या वॉर्डात रोज दिसायचा. बाया यायच्या तेव्हा बहुतेक वेळा हात टेकायची पाळी आलेली असायची. वाईट याचं वाटायचं की हा आजार एका रात्रीत होत नाही. आधी तोंडावरच्या पेशी बिघडतात. त्यांचा कॅन्सर व्हायला कित्येक वर्षं लागतात. तेवढ्या काळात कोणी बघितलं तर तो थांबवता येतो. पण त्या काळात दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कोणी दाखवायला येत नाही.

बघायची पद्धत सोपी होती. तिला पॅप टेस्ट म्हणतात. लेडी डॉक्टर एक लाकडी पट्टी पिशवीच्या तोंडावरून हलकेच फिरवते. पट्टीला जे लागतं ते काचेच्या स्लाइडवर पसरायचं, स्लाइड लगेच स्पिरिटच्या बरणीत बुडवायची आणि लॅबमध्ये रंग देऊन मायक्रोस्कोपखाली बघायची. दोन-तीन मिनिटांचं काम. स्लाइडवर नंबर घालायचं काम माझ्याकडे होतं, कारण माझं अक्षर बारीक आणि स्वच्छ.

त्या पहिल्या दिवशी मी चार नंबर घातले. चारच बाया आल्या. त्यातली एक गावची दाई होती आणि एक शाळेच्या हेडमास्तरांची बायको. आमच्या लेडी डॉक्टर, ज्यांना आम्ही मॅडम म्हणत असू, दुपारभर खुर्चीत बसून राहिल्या. संध्याकाळी त्या चार स्लाइड आणि बाकीच्या न वापरलेल्या बरण्या घेऊन आम्ही परत आलो.

दुसऱ्या दिवशी सरांच्या केबिनमध्ये बैठक झाली. सर म्हणजे आमचे विभागप्रमुख. माणूस अभ्यासू, शिस्तीचा, पण गावात फार न गेलेला.

“ग्रामीण भागात जागृतीच नाही,” सर म्हणाले. “पराते, पोस्टर आणखी मोठं करा. लाल अक्षरं घ्या.”

कोपऱ्यातून मेश्राम सिस्टर म्हणाल्या, “सर, जागृती आहे. बाया जाग्या आहेत म्हणूनच आल्या नाहीत.”

मेश्राम सिस्टर आमच्या विभागाच्या पब्लिक हेल्थ नर्स. पब्लिक हेल्थ नर्स म्हणजे वॉर्डात नाही, वस्तीत काम करणारी नर्स. वय पस्तिशीच्या आसपास. पांढरं पातळ, खांद्याला रेक्झिनची पिशवी, हातात काळी छत्री. छपन्न साली आईवडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा त्या शाळेत होत्या. वडील कापडाच्या मिलमध्ये कामाला. घरातली शिकलेली पहिली मुलगी. आवाज कधी चढवत नसत. त्यामुळे त्या बोलल्या की सरांनाही पुढे वाकून ऐकावं लागे.

“काय म्हणायचंय तुम्हाला?” सरांनी विचारलं.

“सर, आपण पांढरी जीप घेऊन गेलो आणि भिंतीवर शिबिर असं लिहिलं. तीन वर्षांपूर्वी आणीबाणीत अशीच जीप आली होती, असंच शिबिर होतं. माणसं उचलून नेऊन नसबंदी केली. त्या गावात शिबिर म्हणजे काय, हे सगळ्यांना माहीत आहे. जीप दिसली तसे दोघं-तिघं पुरुष कापसाच्या पऱ्हाटीत जाऊन लपले. मी पाहिलं.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. ते अक्षर माझंच होतं. शिबिर हा शब्द मी सगळ्यात मोठा काढला होता.

“मग पोस्टरवर काय लिहायचं?” सरांनी विचारलं.

“मला माहीत नाही,” सिस्टर म्हणाल्या. “पराते भाऊंना माझ्यासोबत द्या. आठवडाभर. जीप नको. एसटीनं जाऊ.”

असा मी पोस्टर काढायचं सोडून एसटीनं फिरायला लागलो.

सिस्टरांजवळ एक जाड वही होती. तिच्यात त्या बायकांचे शब्द लिहून घेत. आजार नाही, शब्द. आमच्या चार्टवर सरांनी मजकूर दिला होता, ‘योनिमार्गातून अनियमित रक्तस्राव’. वहीत होतं, ‘अंगावरून जाते’. चार्टवर होतं, ‘श्वेतप्रदर’. वहीत होतं, ‘पांढरं जाते’. ‘पाळी बंद होऊन दोन वर्षं झाली अन् पुन्हा डाग दिसला.’ ‘मालकाजवळ गेली की रक्त दिसते.’ हे शेवटचं वाचताना मी नजर दुसरीकडे वळवली. सिस्टरांनी ते पाहिलं.

“पराते भाऊ, तुम्ही लाजले तर ती बाई काय बोलणार?” त्या म्हणाल्या. “हा शब्द तिनं मला चौथ्या भेटीत सांगितला. तीन भेटींत नुसता पाऊसपाण्याचा विषय चालला.”

कापूस वेचायचे दिवस होते. दिवसभर बाया शेतात. घरोघर जाऊन कोणी भेटत नव्हतं. दोन दिवस फिरल्यावर सिस्टरांच्या लक्षात आलं की गावातल्या सगळ्या जातींच्या, सगळ्या वयांच्या बाया एका जागी हमखास येतात. पिठाच्या चक्कीवर. आणि तिथं थांबतातही, कारण तिन्हीसांजेला लाइन, म्हणजे वीज, जायची. लाइन गेली की चक्की बंद. अर्धा दळलेला गहू सोडून जाता येत नाही, म्हणून बाया ओट्यावर बसून राहत.

चक्की कौसल्याबाईंची होती. वय पंचेचाळीसच्या आत-बाहेर. नवरा कोळशाच्या खाणीत कामाला, चक्की त्या एकट्या चालवत. पाच लेकरं. केसांवर, भुवयांवर कायम पीठ. पट्टा सरकला की स्वतः चढवत. आवाज मोठा, कारण चक्कीच्या घरघरीत तसाच ठेवावा लागतो.

त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं. नाव विचारलं, मग आडनाव. मग चहा आला. माझा कपबशीत, सिस्टरांचा दारामागच्या खुंटीवरच्या वेगळ्या जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, गिलासात. मला काय करावं ते कळेना. सिस्टरांनी चहा शांतपणे प्यायला, गिलास विसळून पालथा ठेवला आणि मुद्द्यावर आल्या.

“कौसल्याबाई, लाइन गेल्यावर तुमच्या ओट्यावर बायांशी बोलू देता काय?”

“कशाबद्दल?”

“पिशवीच्या तपासणीबद्दल.”

“मले काही झालं नाही. ज्याईले झालं त्याईले तपासा.”

“झालं नाही तोवरच तपासायचं असते. झाल्यावर तपासून काय करता?”

कौसल्याबाई पट्टा चढवायला वळल्या. पण ओटा दिला.

परत येताना एसटीत मी त्या गिलासाबद्दल काहीतरी बोललो. सिस्टर खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “गिलासाचं पुढे पाहू. आज ओटा मिळाला.” पुढचा अर्धा तास त्या चार्टबद्दल बोलत होत्या.

“तुमच्या चित्रात चूक नाही, भाऊ. पण ते पोट फाडून पाहिलेलं चित्र आहे. असं कोणत्या बाईनं पाहिलं? आपण सगळे पिशवी म्हणतो ना? मग पिशवीच दाखवा.”

दुसऱ्या दिवशी मी गांधीबागेत वडिलांच्या जुन्या दुकानात गेलो आणि फलालीनचं मऊ लाल कापड आणलं. माझ्या बायकोनं, सुमननं, दोरीवर आवळायची पिशवी शिवली. म्हाताऱ्या माणसांची सुपारीची असते तशी, पण मोठी, नारळाएवढी. आतून मऊ गुलाबी अस्तर. तोंड बाहेर उलटवलं की अस्तर दिसे. सिस्टर म्हणाल्या, “तोंडावर आतून एक डाग काढा. हरभऱ्याएवढा. पांढुरका. उठून दिसेल असा नको. शोधावा लागला पाहिजे.” मी फॅब्रिक पेंटनं तो काढला. चार दिवस खपून काढलेल्या त्या चार्टपेक्षा हा डाग काढायला जास्त विचार करावा लागला. दिसायला तर हवा, पण बघितल्याशिवाय दिसायला नको.

पिशवी घेऊन आम्ही सरांपुढे गेलो.

“पराते, हे काय आहे?”

“पिशवी, सर.”

“ते दिसतंय. चार्ट कुठे आहे?”

“सर, हाच चार्ट,” सिस्टर म्हणाल्या.

सरांनी पिशवी हातात घेऊन उलटीसुलटी केली. दोरी ओढून बघितली. शेवटी त्यांनाही डाग सापडला आणि त्यांचा चेहरा थोडा बदलला.

“महिनाभर वापरून पाहा,” ते म्हणाले. “पण चार्टही लावा. वरून कोणी तपासणीला आलं तर भिंत मोकळी दिसायला नको.”

त्या संध्याकाळी लाइन गेली आणि ओट्यावर दहा-बारा बाया बसल्या. कंदील लावला. पुरुष म्हणून मी ओट्याखाली, पाठमोरा बसलो. ऐकत मात्र होतो. सिस्टरांनी भाषण केलं नाही. पिशवी एका म्हातारीच्या हातात दिली.

“काय व्हय हे?”

“तुमच्या पोटात आहे तेच. याच्यात तुमची लेकरं वाढली.”

हसणं झालं. पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात गेली. सिस्टर म्हणाल्या, “आता तोंड उघडून आत बघा. डाग दिसते काय?” कंदिलाजवळ नेऊन बाया बघू लागल्या. एकीला दिसला, दुसरीला दिसेना. तिसरी म्हणाली, “हा डाग दुखते काय?”

“नाही. दुखतच नाही. म्हणून आपल्याले कळत नाही. पट्टी फिरवली की कळते. आताच कळला तर एवढाच काढून टाकता येते. दहा-बारा वर्षांनी कळला तर पूर्ण पिशवी खराब झालेली असते.”

“अन् तुमी ऑपरेशन करून टाकान तं?” मागून एक आवाज आला. खरा प्रश्न तो होता.

“पट्टी फिरवायला सुई नाही, ब्लेड नाही, गुंगी नाही,” सिस्टर म्हणाल्या. “मी स्वतः करून घेतली आहे. दाराशी मी उभी राहीन. नको वाटलं तर उठून घरी जा. मी अडवणार नाही, कोणाला अडवूही देणार नाही.”

कौसल्याबाई इतका वेळ चक्कीच्या पट्ट्याजवळ उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “मी येतो आधी. मले काही झालं तं बाकीच्या येऊ नका.” आमच्याकडच्या बाया कधीकधी असं येतो-जातो म्हणतात.

पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा गेलो. जीप गावाबाहेर उभी केली आणि सामान हातानं नेलं. शिबिर शब्द कुठेही नव्हता. कौसल्याबाई सगळ्यांच्या आधी आत गेल्या आणि पाच मिनिटांत बाहेर आल्या. ओळीतल्या बायांना म्हणाल्या, “काही नाही वं. जा.” त्या दिवसाचा पहिला नंबर, एक, मी त्यांच्या स्लाइडवर घातला. दुपारपर्यंत माझा नंबर तिशीच्या पुढे गेला.

दोन आठवड्यांनी रिपोर्ट आले. बहुतेक ठीक होते. एकच खराब होता. नंबर एक.

त्या वेळी रिपोर्ट एक ते पाच अशा क्लासमध्ये देत. एक म्हणजे ठीक, पाच म्हणजे कॅन्सर. कौसल्याबाईंचा क्लास फोर होता. म्हणजे कॅन्सर जवळजवळ दारात उभा. मॅडम म्हणाल्या, लगेच बोलवा. ऑफिसच्या पद्धतीप्रमाणे छापील पोस्टकार्ड जायचं, ‘आपण त्वरित रुग्णालयात हजर राहावे’. क्लार्कनं कार्ड काढलंही होतं. सिस्टरांनी ते त्याच्या टेबलावरून उचललं.

“पोस्टकार्ड घरी पोचायच्या आधी अख्खं गाव वाचते,” त्या म्हणाल्या. “मी जाते.”

सर म्हणाले, “सिस्टर, विचार करून बोला तिच्याशी. ती बाई नाही म्हणाली तर तिच्या जिवाला धोका. आणि तपासलं म्हणूनच झालं असं गावानं धरलं, तर पुन्हा एकही बाई येणार नाही.”

“दुसऱ्या गोष्टीचा विचार मी आज करत नाही, सर,” सिस्टर म्हणाल्या. “आज फक्त कौसल्याबाई.”

मला त्यांनी पिशवीसकट सोबत घेतलं. का, ते सांगितलं नाही.

आम्ही पोचलो तेव्हा चक्की सुरू होती. तीन बाया दळण घेऊन बसल्या होत्या. सिस्टरांनी पातळाचा पदर खोचला आणि त्या एकीचा डबा धरून पिठाच्या तोंडाशी बसल्या. शेवटची बाई जाईपर्यंत अर्धा तास त्या पीठ भरत होत्या. मग कौसल्याबाईंनी खटका बंद केला. एकदम शांत झालं.

“तुमी दोघं एसटीनं आले,” कौसल्याबाई म्हणाल्या. “अन् चहाबी मागतला नाही. म्हणजे चांगलं नाही.”

“चांगलं नाही. पण लवकर सापडलं.”

मी दाराबाहेर जायला उठलो. कौसल्याबाईंनी हातानंच बस म्हटलं. त्या पोत्यावर बसल्या.

“किती दिवस हायेत माह्याजवळ?”

“ते कोणीच सांगू शकत नाही. मी खोटं सांगणार नाही. पण असा रिपोर्ट आलेल्या बाया उपचार घेऊन घरी जाताना मी पाहिल्या आहेत. आणि वाट पाहत बसलेल्याही पाहिल्या. त्यांच्या उशाशी बसलेली आहे मी.”

कौसल्याबाईंनी तळहातावरचं पीठ चोळून काढलं.

“गावात काय सांगू?”

“सांगायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. आमच्यातून एक शब्द बाहेर जाणार नाही.”

“भाऊ, पिशवी आणली काय?”

मला तेव्हा कळलं की सिस्टरांनी मला का आणलं. मी पिशवी दिली. कौसल्याबाईंनी तोंड उलटवलं आणि त्या हरभऱ्याएवढ्या डागावर बोट ठेवलं.

“एवढंच?”

“तेवढंच असावं. आत शिरलं नसावं. तुकडा काढून तपासलं की नक्की कळेल.”

“मंग काढून टाका,” त्या म्हणाल्या. “पण मालकाले तुमी सांगा. त्याले ऑपरेशनचं नाव काढलं की घाम फुटते.”

नवरा खाणीवरून आला तेव्हा अंधार पडला होता. सिस्टरांनी त्यालाही पिशवी दाखवली, सगळं सांगितलं, आणि काय कापणार, काय कापणार नाही, ते कागदावर लिहून खाली सही करून दिलं. असा कागद द्यायचा नियम नव्हता. आमची शेवटची एसटी हुकली होती. एका ट्रकनं आम्हाला सावनेरपर्यंत सोडलं.

कौसल्याबाईंवर लहान शस्त्रक्रिया झाली. पिशवीच्या तोंडाचा बिघडलेला भाग शंकूच्या आकारात काढून टाकतात. तपासणीत निघालं की कॅन्सर आत उतरलेला नव्हता. आणखी दोन-तीन वर्षं गेली असती तर उतरला असता, असं मॅडम म्हणाल्या. सुट्टी झाल्यावर आठ दिवसांनी दाखवायला यायचं होतं. नागपुरात त्यांचं कोणी नव्हतं आणि एवढ्या लवकर एसटीचे धक्के चालणार नव्हते. सिस्टर त्यांना आपल्या क्वार्टरवर घेऊन गेल्या. एके संध्याकाळी मी फळं घेऊन गेलो, तेव्हा कौसल्याबाई ओसरीत बसून सिस्टरांच्या ताटातली भाकर मोडून खात होत्या. मला म्हणाल्या, “बसा भाऊ. सिस्टर झुणका लय चांगला करते.” सिस्टर आत तव्यापुढे होत्या. मला चक्कीवरचा तो वेगळा गिलास आठवला.

पुढच्या महिन्यात आम्ही गावात गेलो, तेव्हा चक्कीवर गर्दी होती. लाइन गेली नव्हती, कौसल्याबाईंनीच खटका बंद केला होता. सिस्टर बोलायला उठल्या. कौसल्याबाईंनी त्यांच्या हातातली पिशवी घेतली.

“तुमी बसा,” त्या म्हणाल्या. मग बायांकडे वळल्या. “हे पाहा. माह्या पिशवीच्या तोंडाले असा डाग होता. मले दुखत नव्हतं, अंगावरून जात नव्हतं, काही नव्हतं. रोज चार पोते दळत होतो. पट्टी फिरवली तवा सापडला, मंग नागपूरले काढून टाकला. आता नाही.”

एक बाई हळूच म्हणाली, “तपासलं म्हणूनच झालं असन.”

कौसल्याबाईंनी तिच्याकडे पाहिलं. “तुह्या गव्हात खडा निघाला तं चाळणीनं टाकला काय वं?”

मग ती बाईच म्हणाली, “माहं नाव लिहा.”

त्या दिवशी मी आणलेल्या स्लाइड संपल्या. शेजारच्या दोन गावांतून बाया पायी आल्या. त्यांच्यात एक तरुण सून होती, सासूचा हात धरून आलेली. तिला सहा महिन्यांपासून अंगावरून जात होतं, वास येत होता, आणि तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. तिच्यासाठी आम्ही उशिरा पोचलो. तिला नागपूरला नेऊन शेक दिले. शेक म्हणजे रेडिएशन, गावात सगळे तसंच म्हणतात. सिस्टर प्रत्येक वेळी तिच्यासोबत होत्या. पुढच्या वर्षी ती गेली. त्या दिवशी सिस्टरांनी वही उघडली आणि तिनं सांगितलेले शब्द मला दाखवले. “हे पोस्टरवर सगळ्यात वर घ्या,” एवढंच म्हणाल्या. मी ते घेतले. ‘अंगावरून जाते, वास येते, तर लपवू नका.’ सरांनी वाचलं, चष्मा काढून पुसला, आणि एकही शब्द न बदलता सही केली.

त्या वेळी हा आजार का होतो, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. लहानपणी लग्न, पुष्कळ बाळंतपणं, अस्वच्छता, असं काहीबाही आम्ही सांगत असू. आता कारण ठाऊक आहे. एचपीव्ही नावाचा विषाणू आहे. तो शरीरसंबंधातून पसरतो आणि इतका सर्रास आहे की त्याची लाज वाटून घ्यायचं काही कारण नाही. बहुतेकांच्या अंगातून तो आपोआप जातो. काहींच्या अंगात वर्षानुवर्षं राहतो आणि पेशी बिघडवतो. बायकांना पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होतो, पण घशाचे आणि इतर काही कॅन्सर पुरुषांनाही यामुळे होतात. आता त्याची लस आहे. ती मुलींना लहान वयात, संबंध सुरू व्हायच्या आधी द्यायची असते. आणि लस घेतली तरी वयाच्या तिशीनंतर तपासणी सोडायची नसते.

माझा मुलगा नागपुरातच मनीषनगरला राहतो. नातीच्या लशीचा विषय निघाला तेव्हा तो म्हणाला, “बाबा, ती केवढीशी आहे. तिला आत्ताच कशाला?” मी त्याला चक्कीवरची सगळी हकिकत सांगितली. आठवड्यानं तो तिला घेऊन गेला.

कौसल्याबाई त्यानंतर बावीस वर्षं चक्की चालवत होत्या. गेल्या त्या म्हातारपणानं. सिस्टरांचं नाव विभागाच्या अहवालात कुठेच नाही. तिथं लिहिलंय की पोस्टर आणि चार्ट यांच्या साहाय्यानं व्यापक जनजागृती करण्यात आली. ते वाक्य सुबक अक्षरात मीच लिहिलं होतं, कारण मला तसंच लिहायला सांगितलं होतं. म्हणून ही दुरुस्ती.

या धंद्यातल्या नव्या मुलांना माझं एकच सांगणं असतं. पोस्टर लावून झालं की लगेच घरी जाऊ नका. तिथंच बाजूला उभे राहा आणि लोक काय म्हणतात ते ऐका. वाईट वाटेल, पण काम सुधारेल. सर विभागात होते तोवर मी जे जे काढलं, त्यावर मंजुरीची सही सरांची असे. पण कागद सरांकडे जाण्याआधी मेश्राम सिस्टरांच्या टेबलावर जात असे. सरांना ते माहीत होतं. पुढे पुढे ते सही करण्याआधी एवढंच विचारत, “सिस्टरांनी बघितलं का?”